संकल्प, नेम आणि यादी : मुंबई उपनगरांच्या संदर्भात आत्मसुधारणेच्या निश्चयाचा इतिहास

मराठीत 'संकल्प सोडणे' या शब्दप्रयोगाला आज दोन परस्परविरोधी अर्थ आहेत. धार्मिक विधीच्या परिभाषेत संकल्प सोडणे म्हणजे संकल्पाचा उच्चार करून हातातील पाणी ताम्हनात सोडणे, अर्थात कार्याला आरंभ करणे. व्यवहारातील मराठीत मात्र संकल्प सोडणे म्हणजे तो टाकून देणे. एक जानेवारीला केलेला आणि महिनाअखेरीस विस्मरणात गेलेला निश्चय या दोन्ही अर्थांनी 'सोडलेला' असतो, असे गमतीने म्हणता येईल. परंतु अर्थातील हे अंतर केवळ गमतीचे नाही. स्वतःला सुधारण्याचा निश्चय कोणी, कोणासमोर, किती काळासाठी करावयाचा याविषयीची महाराष्ट्रातील कल्पना गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत पालटली आणि त्या पालटाची खूण भाषेत राहिली आहे. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचा मागोवा मुंबईच्या उपनगरांना केंद्रस्थानी ठेवून घेतला आहे. त्यासाठी गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८९८ साली लिहिलेला एक खासगी कागद हे मुख्य साधन मानले आहे. तो कागद पुण्यातल्या माणसाचा आहे, पण त्याचे धागे अंधेरीच्या किनाऱ्यापर्यंत आणि बोरिवलीपर्यंत येऊन पोहोचतात.

शब्द आणि रूपे

विधीतील संकल्पाची रचना पाहण्यासारखी आहे. त्यात प्रथम देश आणि काळ सांगितला जातो. संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र अशा क्रमाने काळ निश्चित होतो. नंतर कर्त्याचे गोत्र व नाव येते आणि शेवटी एका विशिष्ट कर्माचा उल्लेख होतो. येथे 'मी अधिक चांगला माणूस होईन' असे कोणी म्हणत नाही. अमुक देवतेची अमुक पूजा अमुक हेतूने करतो, एवढेच म्हणतो. कर्म संपले की संकल्पही संपतो. उद्याच्या दिवसावर त्याचा कोणताही बोजा उरत नाही.

त्याहून दीर्घ मुदतीचे रूप म्हणजे नेम. चातुर्मासातील नेम हा महाराष्ट्रातील घराघरांत, विशेषतः स्त्रियांमध्ये, रुजलेला प्रकार होय. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत कांदा, लसूण, वांगे वर्ज्य करणे, एकभुक्त राहणे, मौनाने जेवणे, पोथीचा अध्याय वाचणे असे हे नेम असत. नेम सुरू होण्याच्या दोनच दिवस आधी आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी येते आणि त्या दिवशी कांद्याचे पदार्थ मनसोक्त खाल्ले जातात. संयमाच्या तोंडावर भोगाला असा अधिकृत निरोप देण्यात मानवी स्वभावाची जी जाण आहे, ती नंतरच्या नीतिपर लेखनात फारशी आढळत नाही. चार महिने पुरे झाले की उद्यापन होई. दान दिले जाई, सवाष्ण जेवू घातली जाई आणि सोडलेला पदार्थ पुन्हा पानात येई.

श्रावणातील कहाण्यांमधील 'वसा' हा शब्दही याच कुळातला आहे. या कहाण्यांचे कथानक बहुधा एका ठरावीक वळणाने जाते. वसा घेतला जातो, वैभव येते, मग वशाचा विसर पडतो, आपत्ती कोसळते, आणि कोणीतरी आठवण करून दिल्यावर तो पुन्हा घेतला जातो. मोडणे आणि पुन्हा धरणे हे दोन्ही कथेच्या पोटातच गृहीत आहे. वसा मोडणारी व्यक्ती कहाणीतून हद्दपार होत नाही, हे येथे नोंदवून ठेवणे आवश्यक आहे.

इंग्रजीतील 'रिझोल्यूशन' या एकाच शब्दासाठी मराठीने दोन शब्द वापरले, ही बाबही अर्थपूर्ण आहे. संस्था जे करते तो ठराव आणि व्यक्ती जे करते तो संकल्प. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठरावांची मोठी लाट आली. राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन २८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईत भरले आणि पुढे अनेक वर्षे नाताळच्या सुटीतच अधिवेशने होत राहिली. देशाचे ठराव अशा रीतीने इंग्रजी वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात मांडले जाऊ लागले. पुण्यातील नव्या उपक्रमांच्या तारखाही पाहाव्यात. न्यू इंग्लिश स्कूल जानेवारी १८८० च्या प्रारंभी उघडले, 'मराठा' २ जानेवारी १८८१ रोजी तर 'केसरी' ४ जानेवारी १८८१ रोजी निघाला, आणि फर्ग्युसन महाविद्यालय २ जानेवारी १८८५ रोजी सुरू झाले. या संस्था काढणाऱ्यांच्या घरी वर्षप्रतिपदेला गुढी उभारली जात होती, परंतु त्यांच्या सार्वजनिक आयुष्याचे नवे वर्ष जानेवारीत उगवू लागले होते.

साष्टीतील अनेक नववर्षे

आज ज्याला मुंबई उपनगर म्हटले जाते तो साष्टी बेटाचा प्रदेश पुण्याहून निराळा होता. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही गावे दीर्घकाळ मुंबई शहराच्या बाहेर होती. १९५० साली महापालिकेची हद्द पश्चिमेस जोगेश्वरीपर्यंत व पूर्वेस भांडुपपर्यंत वाढली. १९५७ मध्ये ती दहिसर व मुलुंडपर्यंत गेली, आणि मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी अस्तित्वात आला. या प्रदेशात एक नववर्ष कधीच नव्हते.

साष्टीच्या गावठाणांतील मराठी बोलणारे कॅथलिक, ज्यांनी १८८७ साली आपली संघटना स्थापून ईस्ट इंडियन हे नाव रूढ केले, त्यांना १ जानेवारी हा दिवस इंग्रजी कचेरीने दिलेला नव्हता. तो त्यांच्या चर्चच्या वर्षाचा भाग होता. वांद्र्यासारख्या ख्रिस्ती वस्त्यांत ३१ डिसेंबरच्या रात्री सरत्या वर्षाचा 'म्हातारा' करून जाळण्याची प्रथा आहे. मात्र या समाजातील आत्मसंयमाचा खरा काळ नववर्षाचा नाही. तो ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा आहे, आणि चातुर्मासाप्रमाणेच त्यालाही निश्चित अंत आहे.

अंधेरी व जोगेश्वरीच्या वसाहतींतील पारशी समाजाची रीत आणखी वेगळी. लोकव्यवहारात पतेती हेच पारशी नववर्ष समजले जाते, तथापि पतेती हा सरत्या वर्षाचा शेवटचा दिवस होय आणि त्याचे नाव 'पतेत', म्हणजे पश्चात्तापाची प्रार्थना, या शब्दावरून आले आहे. नवरोज दुसऱ्या दिवशी. प्रथम झाल्या गेल्याची कबुली आणि मग नवे कपडे, असा हा क्रम आहे. शेजारच्या समाजांनी पतेतीच्या शुभेच्छा देऊन हा क्रमच पुसून टाकला, हे थोडे खेदाने नमूद करावेसे वाटते.

घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवली येथील गुजराती व कच्छी कुटुंबांचे नववर्ष म्हणजे कार्तिक शुद्ध प्रतिपदा, अर्थात बेस्तु वरस. त्याच्या आदल्या अमावास्येला चोपडापूजन होते. येथे परीक्षण होते ते जमाखर्चाचे. परंतु यांतील जैन कुटुंबांकडे आत्मपरीक्षणाचा जो दिवस आहे तो नववर्षाशी जोडलेला नाही. तो भाद्रपदातील संवत्सरीचा. त्या दिवशीच्या प्रतिक्रमणानंतर 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणून परस्परांची क्षमा मागितली जाते, आणि वर्षभर 'पच्चक्खाण', म्हणजे प्रत्याख्यान, हा लहान मुदतीच्या व्रतांचा प्रकार चालू असतो. त्यातील सर्वांत लहान व्रत नवकारसी होय. सूर्योदयानंतर ४८ मिनिटे अन्नपाणी घ्यावयाचे नाही, एवढेच ते व्रत. पच्चक्खाणाच्या सूत्रात 'आगार', म्हणजे सवलती, आधीच बोलून दाखवलेल्या असतात. विसरून घडले (अनाभोग) किंवा अचानक, इच्छेविना घडले (सहसाकार) तर व्रतभंग मानू नये, अशी ती तरतूद. व्रत घेतानाच माणूस विसरणार आहे हे मान्य करणारी ही भाषा कोणत्याही कायदेपंडिताला शोभावी अशी आहे.

या सर्व रीतींमध्ये तीन गोष्टी समान दिसतात. निश्चयाला साक्षी आहे, मुदत आहे आणि मोडल्यास परत येण्याची वाट आहे. आधुनिक नववर्ष संकल्पात या तिन्ही गोष्टी बहुधा नसतात. त्या कधी गळून पडल्या याचे एक टिपण हाती लागते ते गोखल्यांच्या कागदात.

५ फेब्रुवारी १८९८

गोखल्यांचे त्यापूर्वीचे आयुष्य मुदतीच्या प्रतिज्ञेने बांधलेले होते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य वीस वर्षे अल्प वेतनावर सेवा करण्याचे बंधन घेत. गोखल्यांनी ते घेतले आणि १९०२ मध्ये महाविद्यालयातून निवृत्त होईपर्यंत पाळले. त्या प्रतिज्ञेला सहकाऱ्यांची साक्ष होती, आकडा होता आणि शेवट होता.

१८९७ साली ते वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेले. त्या आयोगात दादाभाई नौरोजी सदस्य होते. साक्ष उत्तम झाली. तेथे असतानाच पुण्यातील प्लेगबंदोबस्ताविषयी खासगी पत्रांतून आलेल्या माहितीच्या आधारे गोखल्यांनी सैनिकांच्या स्त्रियांवरील अत्याचाराचा आरोप 'मँचेस्टर गार्डियन'मधून जाहीर केला. तिकडे २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. जुलैअखेर गोखले मुंबईच्या धक्क्यावर उतरले तेव्हा आरोप सिद्ध करू शकेल असा एकही साक्षीदार पुढे यावयास तयार नव्हता आणि पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड करावयास गोखले तयार नव्हते. त्यांनी बिनशर्त माफी मागितली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ती प्रसिद्ध झाली. त्याआधी थोडेच दिवस, २७ जुलैला, टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली होती आणि सप्टेंबरमध्ये त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात एक पुढारी तुरुंगात गेला आणि दुसऱ्याने क्षमा मागितली, ही तुलना लोकांच्या तोंडी येणे अपरिहार्य होते. माफी मागण्यात गोखल्यांचा भित्रेपणा नव्हता. सिद्ध न करता येणारे विधान मागे घ्यावे ही त्यांची नीती होती आणि पत्रलेखकांना त्यांनी पाठीशी घातले, हे आज मान्य केले जाते. त्या वेळी ते मान्य करणारे थोडे होते. गोखल्यांनी प्लेगनिवारणाच्या कामात स्वयंसेवक म्हणून स्वतःला जुंपून घेतले.

अशा मनःस्थितीत ५ फेब्रुवारी १८९८ रोजी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, गोखल्यांनी स्वतःपुरती एक यादी लिहिली. टिळक त्या दिवशी तुरुंगातच होते. यादी इंग्रजीत आहे. आरंभी श्रीगुरुदत्तात्रेयांच्या कृपेचे स्मरण आहे. त्यानंतर नियमित योगाभ्यास करण्याचा निश्चय येतो. मग ज्ञानार्जनाचे विषय येतात : प्राचीन व अर्वाचीन इतिहास, प्राचीन व अर्वाचीन तत्त्वज्ञान, ज्योतिर्विज्ञान, भूगर्भशास्त्र, शरीरशास्त्र, मानसशास्त्र आणि फ्रेंच भाषा. तिसऱ्या क्रमांकावर मुंबई कायदेमंडळ, वरिष्ठ कायदेमंडळ आणि ब्रिटिश पार्लमेंट या तिन्ही ठिकाणी सदस्य होण्याचा प्रयत्न करून देशाचे हित साधण्याची आकांक्षा आहे. शेवटी सर्वोच्च तत्त्वज्ञानात्मक धर्माचा उपदेशक होऊन तो जगभर सांगण्याचे ध्येय नोंदवले आहे.

गोखल्यांची जी प्रतिमा इतिहासाच्या पुस्तकांतून परिचित आहे, ती अर्थसंकल्पावर आकडेवारीने बोलणाऱ्या, मवाळ व बुद्धिवादी नेत्याची आहे. तिच्याशी हा कागद चटकन जुळत नाही. त्यात विनय आणि महत्त्वाकांक्षा शेजारी शेजारी बसली आहेत. जखमी माणसाने स्वतःला पुन्हा बांधण्यासाठी काढलेला हा आराखडा आहे असेच म्हणावे लागते. लोकांसमोर पत गेलेली असताना लोकांना साक्षी ठेवून काही ठरवणे त्याला शक्यही नव्हते. साक्षी उरतो तो एकटा दत्तात्रेय.

रूपाच्या दृष्टीने पाहिले तर येथे जुन्या संकल्पातील देवतास्मरण शिल्लक आहे, पण देशकाल जवळजवळ नाहीसा झाला आहे. इंग्रजी तारीख तेवढी उरली. ही तारीख कोणत्याही पंचांगाचे नववर्ष नव्हे. तो दत्ताचा गुरुवारही नव्हता, शनिवार होता. एकाच कर्माच्या जागी सगळे आयुष्य आले आहे. कशालाही मुदत नाही, उद्यापन नाही आणि सवलतीचे कलम नाही. सात विषयांच्या अभ्यासाची यादी कोणत्याही प्राध्यापकाला ओळखीची वाटेल. सुटी लागण्यापूर्वी केलेल्या वाचनाच्या याद्या अशाच असतात.

या यादीचे पुढे काय झाले? गोखले १८९९ मध्ये मुंबई कायदेमंडळावर निवडून आले. १९०१ अखेर त्यांची निवड वरिष्ठ कायदेमंडळावर झाली आणि मार्च १९०२ मधील त्यांचे अर्थसंकल्पावरील पहिले भाषण गाजले. पार्लमेंट राहून गेले. १८९२ मध्ये दादाभाई तेथे निवडून गेले होते म्हणून ती आकांक्षा अशक्य कोटीतील नव्हती, पण गोखल्यांच्या वाट्याला ती आली नाही. धर्मोपदेशकही ते झाले नाहीत. त्याऐवजी १२ जून १९०५ रोजी त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला आणि त्याच्या सदस्यांसाठी सात प्रतिज्ञा ठरवल्या. देशाला अग्रस्थान देणे, वैयक्तिक लाभ न पाहणे, सर्व भारतीयांना बंधू मानणे, संस्था देईल त्यात संतोष मानणे, शुद्ध खासगी जीवन जगणे, कोणाशी वैयक्तिक भांडण न करणे आणि संस्थेच्या उद्दिष्टांची जपणूक करणे, असा त्यांचा आशय आहे. सात वर्षांपूर्वीच्या यादीशी हे ताडून पाहिले म्हणजे लक्षात येते की एकट्याने लिहिलेल्या यादीकडून गोखले पुन्हा साक्षीदारांसमोर घेतलेल्या प्रतिज्ञेकडे वळले. 'मी काय होईन' याची जागा 'मी काय करणार नाही' याने बरीचशी घेतली. वैयक्तिक भांडण न करण्याची प्रतिज्ञा लिहिताना १८९७ नंतरचे पुणे त्यांच्या डोळ्यांसमोर नसेल, असे मानणे कठीण आहे.

दुसऱ्याकडून प्रतिज्ञा घेताना मात्र गोखल्यांनी मुदतीचे महत्त्व बरोबर ओळखले. ९ जानेवारी १९१५ रोजी गांधी मुंबईत उतरले. एक वर्ष देश पाहावा, ऐकावे आणि सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नये, असे वचन गोखल्यांनी त्यांच्याकडून घेतले होते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखल्यांचे निधन झाले. वचन ज्याला दिले तो उरला नाही, तरी वर्ष पुरे होईपर्यंत गांधींनी ते पाळले.

वर्सोवा, १९१८

गोखल्यांच्या यादीतील पहिला निश्चय योगाभ्यासाचा आणि तिसऱ्यातील शेवटची पायरी दादाभाईंच्या पार्लमेंटची. हे दोन दूरचे धागे अंधेरीच्या पश्चिमेस, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर एकत्र आले, हा निव्वळ योगायोग असला तरी दुर्लक्ष करण्यासारखा नाही. दादाभाई १९०७ मध्ये इंग्लंडहून परतल्यावर वर्सोव्यात राहत. ३० जून १९१७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या 'द सँड्स' या निवासस्थानी २५ डिसेंबर १९१८ रोजी श्रीयोगेंद्र यांनी योग इन्स्टिट्यूटची स्थापना केली. श्रीयोगेंद्र म्हणजे पूर्वाश्रमीचे मणिभाई हरिभाई देसाई. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकत असताना ते मालसरच्या परमहंस माधवदासजींच्या सहवासात आले. लोणावळ्यास १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापणारे स्वामी कुवलयानंदही याच माधवदासजींचे शिष्य होत.

या घटनेचे महत्त्व असे की योग येथे आश्रमातून निघून किनाऱ्यावरच्या बंगल्यात, संसारी माणसांत आला. शिकणाऱ्याने घर सोडावे अशी अपेक्षा नव्हती. १८९८ मध्ये एका प्राध्यापकाने स्वतःच्या कागदावर जे एकट्याने लिहिले, त्याला वीस वर्षांनी शिकवणारी जागा, वेळापत्रक आणि शिक्षक मिळाले. पुढे १९४८ मध्ये ही संस्था सांताक्रूझला गेली आणि शंभर वर्षे उलटल्यावरही तिचे कार्य चालू आहे.

दरम्यान उपनगराचे कालमान बदलत होते. ५ जानेवारी १९२८ पासून बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या. मुंबईत नोकरी आणि उपनगरात बिऱ्हाड ही जीवनपद्धती त्यानंतर वाढत गेली. अशा चाकरमान्याच्या दिवसात स्वतःचा म्हणावा असा वेळ उरतो तो पहाटेचा. पहाटे उठणे, फिरणे, आसने, वाचन यांभोवती नववर्षाचे निश्चय घोटाळत राहतात याला गाडीचे वेळापत्रकही कारण आहे. आत्मसुधारणेच्या इतिहासात धर्मग्रंथांइतकेच स्थान रेल्वेला द्यावयास हवे.

'शक्यतो' या शब्दाचा वाद

कारावासातून आणि शस्त्रक्रियेतून बाहेर पडल्यावर १९२४ च्या मार्च-मेमध्ये गांधी जुहूला विश्रांतीसाठी राहिले. त्या काळातील त्यांच्या पत्रांवर टपालाचा पत्ता अंधेरीचा आहे. पुढे १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाची छावणी विलेपार्ल्यात उभी राहिली. जमनालाल बजाज आणि किशोरलाल मशरूवाला तिच्या अग्रभागी होते. त्या सत्याग्रहामागे जो स्वातंत्र्याचा ठराव होता, तो लाहोरला ३१ डिसेंबर १९२९ च्या मध्यरात्री, वर्ष पालटण्याच्या क्षणी, जाहीर झाला होता आणि २६ जानेवारी १९३० रोजी गावोगावी प्रतिज्ञेच्या रूपाने वाचला गेला होता. ठराव आणि संकल्प यांतील सीमारेषा त्या दिवशी पुसली गेली.

त्याच वर्षी येरवड्याच्या तुरुंगातून गांधींनी आश्रमवासीयांना व्रतांविषयी जी साप्ताहिक पत्रे लिहिली ती 'मंगल प्रभात' म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांत त्यांनी 'शक्य होईल तितके पाळीन' या भाषेवर कठोर टीका केली आहे. 'शक्य तितके' म्हणणारा पहिल्याच मोहाला बळी पडतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख आहे. हे प्रतिपादन पच्चक्खाणातील आगारांशेजारी ठेवले की एक खरा मतभेद समोर येतो. जैन वातावरणाचा संस्कार झालेल्या गांधींना व्रतशास्त्रातील सवलती परिचित नसतील असे नाही. परंतु दोन्हींत एक सूक्ष्म भेद आहे. आगार विस्मृती आणि अपघात यांना क्षमा करतात, दुबळ्या इच्छेला नाही. 'शक्यतो' हा शब्द मात्र नेमकी इच्छाच मोकळी ठेवतो. आचार्य तुलसींनी १९४९ मध्ये सुरू केलेल्या अणुव्रत आंदोलनाने लहान व मोजक्या व्रतांचा मार्ग गृहस्थांसमोर पुन्हा ठेवला. मोठी प्रतिज्ञा आणि लहान व्रत यांतील कोणते टिकते, या प्रश्नाला गांधी आणि अणुव्रत यांनी दिलेली उत्तरे वेगळी आहेत. गोखल्यांच्या सात विषयांकडे पाहता लहान व्रताचे पारडे जड वाटते.

साक्षी आणि मुदत यांचे पुनरागमन

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञा या लेखाच्या विषयात वेगळे स्थान मागतात. व्यक्तीच्या सोयीची सुधारणा हा त्यांचा हेतू नव्हता. जन्माने लादलेली ओळख नाकारून नवा माणूस होण्याचा तो सामुदायिक निश्चय होता आणि त्याला प्रचंड जनसमुदायाची साक्ष होती. उपनगरांतील बुद्धविहारांत पंचशील सामूहिकपणे उच्चारले जाते आणि वर्षावासाच्या तीन महिन्यांत, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. वाचनाचा निश्चय, श्रोत्यांची साक्ष आणि ठरलेली मुदत येथे एकत्र आली आहेत. 'यंदा भरपूर वाचीन' असे डायरीत लिहिणाऱ्या पदवीधराला या विहारांकडून शिकण्यासारखे काही असावे.

बोरिवलीच्या खाडीपलीकडे गोराई येथील जागतिक विपश्यना पॅगोडाचे उद्घाटन ८ फेब्रुवारी २००९ रोजी झाले. सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतील दहा दिवसांच्या शिबिरात चौथ्या दिवसापासून 'अधिट्ठान' नावाची बैठक असते. पाली भाषेतील या शब्दाचा अर्थ दृढ निश्चय असा आहे. एक तास हात, पाय किंवा डोळे उघडावयाचे नाहीत, एवढाच तो निश्चय. सामूहिक बैठकीत, इतरांच्या सोबतीने तो केला जातो आणि तास संपताच संपतो. नवकारसीची ४८ मिनिटे आणि अधिट्ठानाचा एक तास यांची मापे जवळपास सारखी असावीत, हे लक्षणीय आहे.

याउलट एक जानेवारीचा निश्चय घरोघरी डायरीच्या पहिल्या पानावर राहिला. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेल्या 'कालनिर्णय'ने तिथी आणि तारीख एकाच भिंतीवर आणली. त्यामुळे उपनगरी घरात चातुर्मास आणि जानेवारी एकाच खिळ्याला टांगले गेले. चातुर्मासाचा नेम दिनदर्शिकेवर छापलेल्या एकादशीला सुरू होतो आणि छापलेल्या एकादशीला संपतो. जानेवारीच्या निश्चयाचा शेवट मात्र कोणत्याही चौकोनात छापलेला नसतो.

संशोधनाच्या दृष्टीने अडचण आहे ती साधनांची. गोखल्यांचा कागद टिकला, कारण तो गोखल्यांचा होता. १९१८ मध्ये त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या शिक्षणसंस्थेचे महाविद्यालय आज बोरिवलीत आहे. तेथे किंवा उपनगरांतील कोणत्याही महाविद्यालयात शिकलेल्या पिढ्यांनी बँकांच्या आणि औषधकंपन्यांच्या भेट मिळालेल्या डायऱ्यांत जे लिहिले, ते डिसेंबर संपताच रद्दीवाल्याकडे गेले. लिहिलेली पाने थोडी आणि कोरी पाने पुष्कळ असल्याने त्या डायऱ्यांचा हिशेबाच्या वह्या म्हणून उपयोग झाला, तेव्हा काही वाचल्याही. उद्यापनात दिल्या गेलेल्या पितळेच्या व स्टीलच्या भांड्यांचे तसे नाही. त्यांवर देणाऱ्याचे नाव आणि तारीख कोरलेली असते, आणि अंधेरी-मुलुंडच्या स्वयंपाकघरांतील मांडण्यांवर ती आजही सापडतात. त्यांची कुटुंबवार नोंद पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून करून घेता येण्यासारखी आहे.